न सांगता त्याला कळायला हवं होतं का?

या आठवड्याचं पत्र:

ताई, मी 27 वर्षांची आहे. घर सांगलीला, नोकरी पुण्यात, एका बँकेत. मावशीने स्थळ आणलं, दोन-तीनदा भेटलो, मी होकार दिला. साखरपुडा झालाय, लग्न चार महिन्यांवर आहे. मुलगा चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. शांत, निर्व्यसनी, घरच्यांना फार आवडलाय. माझी तक्रार ऐकून तुम्हीही हसाल. तो रोज रात्री फोन करतो, ‘जेवलीस का?’ विचारतो, दिवसभराचं थोडं बोलतो आणि ‘झोप आता’ म्हणून ठेवून देतो. माझ्या वाढदिवसाला मला वाटलं होतं, काहीतरी करेल. बँकेखाली अचानक येऊन उभा राहील, निदान एक पत्र तरी लिहील. तो शिफ्ट संपवून रात्री आला आणि हेल्मेट दिलं, कारण माझ्या जुन्याचा पट्टा तुटलाय. मी थँक्यू म्हटलं आणि रूमवर येऊन रडले. माझ्या मैत्रिणीचा नवरा लग्नाआधी दोन वर्षं तिच्यामागे होता. तिने दोनदा नाही म्हटलं, नंबर ब्लॉक केला, तरी तो क्लासबाहेर पावसात उभा राहायचा. शेवटी ती हो म्हणाली. ती हे सांगायला लागली की मला वाटतं, माझ्यासाठी असं कुणी कधी उभंच राहिलं नाही. आई म्हणते, सिनेमे बघून तुझं डोकं फिरलंय. खरंच तसं झालंय का? की मला आतून जे वाटतंय तेच खरं, आणि हे लग्न मी करू नये?
‘सांगलीची’

प्रिय सांगलीची,

मला हसू आलं नाही. लग्न चार महिन्यांवर आलेलं असताना मुलगी रूमवर येऊन एकटी रडते, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. हे कुणाला तरी लिहिलंस, ते बरं केलंस.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. सिनेमांनी माझ्या अपेक्षा बिघडवल्या का, हा एक. हा माणूस माझ्यासाठी योग्य आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी बऱ्यापैकी देऊ शकते. दुसऱ्याचं उत्तर आज ना माझ्याकडे आहे, ना तुझ्याकडे. कारण ते मिळायला जे करावं लागतं, ते तू अजून केलेलं नाहीस. तुला काय हवंय, हे तू त्याला एकदाही सांगितलेलं नाहीस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात कुठेही ‘मी त्याला म्हटलं’ असं वाक्य नाही. ‘थँक्यू’ तेवढं आहे.

आधी आईच्या म्हणण्याकडे येते. त्यांचं निम्मं बरोबर आहे. स्कॉटलंडमध्ये, एडिनबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात बियार्न होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 ते 2005 या काळातले हॉलिवूडचे 40 लोकप्रिय रोमँटिक विनोदी सिनेमे तपासले होते. नुकतीच ओळख झालेल्या जोडप्याची हुरहूर आणि वर्षानुवर्षं एकत्र राहिल्यावर येणारा विश्वास, या दोन्ही गोष्टी या सिनेमांत एकाच वेळी, एकाच जोडप्याच्या वाट्याला येतात, असं त्यांना आढळलं. खऱ्या आयुष्यात दुसरी गोष्ट यायला काळ जावा लागतो. मग त्यांनी सुमारे शंभर विद्यार्थ्यांना ‘सेरेंडिपिटी’ हा नशिबाने जुळणाऱ्या जोडीचा सिनेमा दाखवला आणि तेवढ्याच विद्यार्थ्यांना एक वेगळाच, प्रेमकथा नसलेला सिनेमा. पहिल्या गटातल्या मुलामुलींचा ‘जोड्या वरूनच ठरलेल्या असतात’ यावरचा विश्वास नंतर जास्त दिसला. असे सिनेमे आवडीने बघणाऱ्यांत आणखी एक समजूत बऱ्याच जणांची होती: जो आपल्यासाठीच जन्मलाय, त्याला आपल्या मनातलं न सांगता कळलं पाहिजे.

या अभ्यासाचा आवाका मी वाढवून सांगणार नाही. परदेशातल्या विद्यार्थ्यांवरचा तो अभ्यास. शिवाय ज्याच्या मनात आधीपासून अशा कल्पना असतात तोच असे सिनेमे शोधून बघतो, हेही शक्य आहे. एका सिनेमाने कुणाचं डोकं फिरत नाही. पण ही शेवटची समजूत मला तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसली, आणि तुला सगळ्यात जास्त त्रास तीच देते आहे.

न सांगता कळणं पडद्यावर कसं घडतं, बघ. नायिका खिडकीशी उभी असते, कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो, मागे सूर सुरू होतात, आणि तिला काय हवंय हे आपल्याला कळतं. पुढच्याच प्रसंगात नायक नेमकं तेच घेऊन दारात हजर होतो. त्याला कळतं, कारण दोघांचीही मनं एकाच लेखकाने लिहिलेली असतात. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला तुझा चेहरा इतक्या जवळून कुणी दाखवलेला नाही. तो तुला दोन-तीन बैठकांत आणि रात्रीच्या फोनवर भेटलाय. तू फोनवर हसून बोलतेस. हेल्मेट हातात घेऊन तू थँक्यू म्हटलंस. त्याच्या बाजूने बघितलं तर त्या रात्री सगळं छान झालं! तो समाधानाने चाकणला परत गेला असेल.

आता तुला वाटेल, मीही त्या हेल्मेटचं कौतुक करणार. हेल्मेट म्हणजेच खरं प्रेम, तुला ते ओळखता आलं नाही, असं काही मी म्हणणार नाही. तुटलेला पट्टा त्याने पाहिला, लक्षात ठेवला, ही चांगली खूण आहे, आणि तेवढीच. काळजी करणाऱ्या माणसाबरोबरही बाई एकाकी राहू शकते. ‘जेवलीस का?’ विचारत 40 वर्षं संसार झाला आणि त्यापलीकडे एक वाक्य कधी बोललं गेलं नाही, अशी घरं तूही पाहिली असशील. तेव्हा पत्र हवं असणं, कुणीतरी आपल्यासाठी मुद्दाम वेळ काढून यावं असं वाटणं, यात गैर काहीही नाही. ती इच्छा सिनेमाने दिली की कवितेने की शेजारच्या काकूंच्या संसाराकडे बघून आली, याने तिची किंमत कमी होत नाही. इच्छा ठेव. फक्त ती त्याने ओळखावी, हा हट्ट सोड. परवाच्या फोनवर सरळ सांग: ‘वाढदिवसाला मला वाटलं होतं तू एक पत्र लिहिशील. हेल्मेट मला उपयोगाचं आहे, पण मी त्या रात्री रडले.’

हे म्हणायला किती जड जातं, मला माहीत आहे. मागून मिळालेल्या गोष्टीत काय मजा, असं वाटतं. ही भावनाही त्याच समजुतीतून आलेली आहे. सांगितल्यावर त्याने पत्र लिहिलं, तर शब्द त्याचेच असतील ना? आणि खरी परीक्षा तिथेच आहे. अंदाज बांधण्यात तो हुशार आहे की नाही, हे चार महिन्यांत कळून काही फायदा नाही. सांगितल्यावर तो काय करतो, हे कळणं फार मोलाचं आहे. तो गोंधळेल, ‘मला असलं जमत नाही’ म्हणेल आणि तरी चार वेड्यावाकड्या ओळी लिहून आणेल. किंवा ‘सिनेमे कमी बघ’ म्हणून हसण्यावारी नेईल. किंवा रागावेल. या तिन्हींतून तुला त्याच्याविषयी जे समजेल, ते बँकेखाली फुलं घेऊन उभा राहिला असता तरी समजलं नसतं.

आता तुझ्या मैत्रिणीच्या गोष्टीकडे येते. इथे मला तुझ्याशी जरा ठामपणे बोलायचंय. तिचा संसार सुखाचा आहे ना, आनंद आहे. तिच्या नवऱ्याला मी ओळखत नाही, त्याच्याविषयी निवाडा करणार नाही. पण तू ज्या गोष्टीचा हेवा करते आहेस, ती नीट बघ. एक मुलगी दोनदा नाही म्हणते. नंबर ब्लॉक करते, म्हणजे तिसऱ्यांदा नाही म्हणते. तरी तो माणूस तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर रोज उभा असतो. यात तुला पाऊस दिसतो, कारण आपण हा प्रसंग नेहमी त्याच्या बाजूने, गाण्यासकट पाहिलेला असतो. तिला एकदा निवांत विचार, क्लास सुटल्यावर पायऱ्या उतरताना तेव्हा तुला काय वाटायचं? रस्ता बदलला होतास का? घरी सांगितलं होतंस का?

आपल्याकडच्या प्रेमकथांनी केलेलं सगळ्यात मोठं नुकसान मला हे वाटतं. मुलीचा नकार हा तिथे पहिला अंक असतो. तो ओलांडायचा असतो. 2017 च्या ‘बद्रीनाथ की दुल्हनिया’मध्ये नायक सिंगापूरला जाऊन नायिकेला गाडीच्या डिकीत कोंबतो, आणि तरी शेवटी ती त्याचीच होते. तो सिनेमा हुंड्याबद्दल, मुलीच्या करिअरबद्दल चांगलं बोलतो, नायक पुढे सुधारतो, हे मला मान्य आहे. पण डिकीत कोंबलेल्या बाईची भीती प्रेमकथेत बसू शकते, हे सांगून तो पुढे जातो. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या होबार्टमध्ये एका भारतीय सुरक्षारक्षकावर दोन स्त्रियांचा पाठलाग केल्याचा खटला चालला. त्याच्या वकिलाने बचाव काय केला, तर हिंदी सिनेमे बघत वाढलेल्या या माणसाला असं मागे लागणं नेहमीचंच वाटत होतं. त्याचा तुरुंगवास टळला, पाच वर्षं नीट वागण्याच्या अटीवर सोडलं गेलं. त्या दोन स्त्रियांना जी भीती भोगावी लागली, तिचं काय?

हा परिणाम बघणाऱ्या मुलींवरही होतो, म्हणून तुला सांगते आहे. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या ज्युलिया लिपमन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी काही स्त्रियांना असे सिनेप्रसंग दाखवले, ज्यात पाठलाग गोड, प्रेमळ दाखवलाय, आणि काहींना असे, ज्यात तो भयानक दाखवलाय. गोड प्रसंग पाहून ते खरे वाटलेल्या स्त्रिया नंतर खऱ्या पाठलागाला कमी गंभीर मानू लागल्या होत्या. ज्यांनी भयानक रूप पाहिलं, त्या सावध झाल्या. म्हणजे तीच कृती, फक्त संगीत वेगळं.

आणि आपल्याला तर हे कळायला एडिनबरो-मिशिगनला जायची गरज नाही. 1990 मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात एका मुलीला जाळलं गेलं. 2020 मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी ‘एकतर्फी प्रेमातून’ असंच छापलं. मागे लागणारा प्रत्येक मुलगा असा असतो, असं मी मुळीच म्हणत नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीला पावसात उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय आहे, हे दिसत नसतं. म्हणून तर कायद्याला ते लिहावं लागलं. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, संपर्क साधत राहणं, तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणं, हा 2013 पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत.

तुझा होणारा नवरा तुला पहिल्या भेटीनंतर म्हणाला असेल, ‘विचार करून सांगा’, आणि थांबला असेल. हे पडद्यावर दाखवायला फार कंटाळवाणं आहे. पण तुझ्यासाठी कुणी उभं राहिलं नाही, ही खंत याच्या जमाखर्चात धरू नकोस. अशा उभं राहण्याची तुला कधी गरज पडली नाही, हे चांगलंच झालं.

एवढं बोलल्यावर सिनेमांच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण आईंचं निम्मंच बरोबर आहे, असं मी म्हटलंय. आपल्याकडे मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन यायची, मान खाली घालून बसायची आणि होकार-नकार बैठकीतली पुरुषमंडळी ठरवायची. ‘मला तो आवडला पाहिजे’ हे वाक्य मध्यमवर्गीय घरात मोठ्याने म्हणता यावं, यात शिक्षणाचा, नोकरीचा वाटा आहेच, पण सिनेमाचाही आहे. तरी या सिनेमांनी अर्धीच वाट चालली. मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये 1995 पासून वर्षानुवर्षं चालत राहिलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट आठव. आपट्याच्या रेल्वे स्टेशनवर चित्रित केलेला तो प्रसंग. सिमरनचं मन केव्हाच ठरलेलं आहे, सगळ्यांना माहीत आहे, तरी वडील मनगट सोडतात तेव्हाच ती धावू शकते. तुझं मनगट तर आज कुणी धरलेलं नाही. हो तूच म्हणालीस. थांबायचं ठरवलंस, तर तेही तूच म्हणू शकतेस.

आणि तुझ्या परिस्थितीला सगळ्यात जवळचा सिनेमा मराठीतच आहे. सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’, 2010 चा. मुलगी स्थळाला नकार द्यायला मुंबईहून पुण्याला येते आणि एका अनोळखी मुलाबरोबर दिवसभर शहर फिरते. त्या दिवसभरात ते काय करतात? बोलतात. भांडतात, पुणं चांगलं की मुंबई यावर वाद घालतात, आधीच्या प्रेमाबद्दल सांगतात. जवळजवळ अख्खा सिनेमा दोन माणसांच्या बोलण्यावर उभा आहे. लोकांना तो इतका आवडला, याचं कारण मला हेच वाटतं. 2015 च्या दुसऱ्या भागात तर साखरपुडा आणि लग्न यांच्यामधला काळच आहे, आणि त्या मुलीच्या मनात नेमकी तुझ्यासारखी चलबिचल होते. तेव्हा सिनेमातून काही घ्यायचंच असेल, तर ते दिवसभराचं बोलणं घे. तुम्हा दोघांना ते अजून एकदाही मिळालेलं नाही.

म्हणून येत्या सुटीच्या दिवशी त्याला सकाळी बोलाव. घरचे नकोत, मित्रमैत्रिणी नकोत, लग्नाची खरेदी तर अजिबात नको. हे दोन सिनेमे, किंवा तुम्हाला आवडतील ते, एकत्र बघा आणि बघून झाल्यावर त्यांच्यावर बोला. हे मी मनचं सांगत नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात रॉनल्ड रॉग यांनी 174 जोडप्यांवर एक अभ्यास केला. त्यातल्या काहींना समुपदेशकांकडून रीतसर प्रशिक्षण दिलं, तर काहींना फक्त महिन्याभरात पाच सिनेमे एकत्र बघून, त्यातल्या नवरा-बायकोच्या वागण्यावर ठरावीक प्रश्न घेऊन चर्चा करायला सांगितलं. तीन वर्षांनी ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्यात विभक्त होण्याचं प्रमाण 24 टक्के होतं. सिनेमे बघून बोलणाऱ्यांत ते 11 टक्क्यांच्या आसपास होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांइतकंच. ज्या सिनेमाने न बोलण्याची सवय लावली, तोच बोलायला निमित्त म्हणून कामी येतो. स्वतःच्या नात्याबद्दल थेट बोलायला जीभ जड होते, पडद्यावरच्या दोघांबद्दल बोलता बोलता माणूस आपलंच सांगून जातो. ‘तो असा का वागला? तू काय केलं असतंस?’ इथून सुरू कर.

तिथून पुढे जे सिनेमात कधीच येत नाही, तिकडे जा. लग्नानंतर राहायचं कुठे, चाकणजवळ की तुझ्या बँकेजवळ? रात्रपाळीच्या आठवड्यांत तू एकटी असशील, तेव्हा काय? तुझ्या पगारातून सांगलीला पैसे जातात का, ते पुढेही जातील हे त्याला माहीत आहे का? घरातलं काम कोण करणार? मूल केव्हा, हवं की नको? तुझी बदली झाली तर? राग आला की तो काय करतो, गप्प बसतो की आवाज चढवतो? आणि हेही विचार: तुला या लग्नात काय हवं होतं, जे मला न सांगता कळायला हवं होतं? त्याच्याही मनात काहीतरी असेल. तोही कदाचित रोज फोन ठेवल्यावर विचार करत असेल की ही एवढंच का बोलते?

या सगळ्यानंतरही तुला त्याच्याजवळ बसावंसं वाटलं नाही, बोलणं म्हणजे ओढाताण वाटली, तुझी इच्छा सांगितल्यावर त्याने ती क्षुल्लक ठरवली किंवा तुला घाबरल्यासारखं झालं, तर ते मनातून झटकून टाकू नकोस. ते सिनेमाने भरवलेलं नाही. छातीत धडधड होत नाही, एवढ्यावरून मात्र लग्न मोडू नकोस. दोन-तीन भेटी आणि फोनवरच्या ख्यालीखुशालीवर धडधड होण्यासारखं अजून घडलेलंच नाही. या दोन्हींच्या मधलं काही वाटलं, म्हणजे माणूस बरा वाटतोय पण अजून वेळ हवाय, तर वेळ माग. चार महिन्यांचे आठ महिने करता येतात. साखरपुडा झाला म्हणून लग्न करायलाच हवं असं कुठलाही कायदा सांगत नाही.

आईंना हे सांगणं अवघड जाईल. त्यांना ‘मला सिनेमातल्यासारखं हवंय’ असं म्हणू नकोस, ‘मी त्याच्याशी अजून पुरेसं बोललेले नाही’ असं म्हण. हे त्यांना समजेल. ज्या मावशीने स्थळ आणलं, तिला आधी विश्वासात घे. मुलाकडच्यांशी बोलायला तीच योग्य. आणि कार्यालयाच्या अनामत रकमेचा विषय निघालाच, तर तारीख पुढे ढकलता येते का, हे आधी कार्यालयात फोन करून विचारून ठेव. अनामत बुडणार असेल, तर ती तुझ्या पगारातून भरायची तयारी ठेव.

तुझी,
ताई